फाटका झगा

दुबईत, बर दुबई भागात माझं शिवणकामाचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या रफूला तोड नव्हती. एकदा एक म्हातारी गोरी बाई आली. विलायतेतली नाटक-सिनेमातली मोठी नटी, असं तिच्यासोबत आलेल्या हॉटेलच्या मॅनेजरने सांगितलं. तो वसईचा, मराठी बोलणारा. झग्याला फक्त एक बटण लावायचं होतं, पण झगा जागोजागी फाटलेला. एवढ्या मोठ्या बाईने असं घालावं? मी न विचारता सगळा रफू करून टाकला.

संध्याकाळी बाईने झगा पाहिला आणि मटकन स्टुलावर बसली.

मॅनेजर ओरडला, "काका, काय केलंत! तिला आज भिकारणीचं काम आहे. तासाभरात नाटक. यल्ला, चला लवकर, उसवा!"

"मी फाटकं काम देत नाही."

बाई हसून काहीतरी बोलली. मॅनेजरने सांगितलं, "म्हणते, तीस वर्षं राणीच झाले. लोकांनी कपडेच बघितले. आज मला बघू देत."

तिने कात्री माझ्याच हातात दिली. ती बोटाने जागा दाखवत गेली, मी फाडत गेलो. निघताना तिने माझे दोन्ही हात धरून शाबासकी दिली. ती रफूची की फाडण्याची, मला अजून कळलेलं नाही.