शून्यावर परत येणारी साइट

कारखान्यात तिला सगळे काटाबाई म्हणत. सतरा वर्षं मोजमापाच्या खोलीत बसून ती डायल आणि मायक्रोमीटर तपासत आली होती. तिच्या सहीशिवाय एकही माप बाहेर जात नसे. सुट्टीच्या दिवशी मात्र ती नऊशे मीटरवरच्या निशाणावर रायफल चालवायची. नेमबाजीच्या संघात आता एकच जागा उरली होती. निवड उद्या सकाळी, आणि तिच्या रायफलची मागची साइट, म्हणजे डोळ्याजवळची ती बारीक भोकाची पट्टी, परवा सरावात आपटून वाकली होती.

बंदुकांचं दुकान बंद व्हायला वीस मिनिटं होती. काउंटरवर दोन साइट ठेवलेल्या. एक नवी, काळी, चकचकीत. नॉब फिरवला की खणखणीत टिक टिक. दुसरी जुनी, आकडे पुसट, आवाज मेलेला.

"ताई, त्या म्हातारीच्या नादी लागू नका," दुकानदार म्हणाला. "नवीचा आवाज तरी ऐका!"

"आवाजाने नेम लागत असता तर मी रायफलीला घंटाच बांधली असती."

तिने पिशवीतून काट्याचं डायल काढून नवीला टेकवलं. वीस क्लिक उजवीकडे, वीस परत. काटा शून्यावर. पुन्हा केलं. शून्यच. जुनीचंही तेच.

"मग नवी घे आणि चल," सोबत आलेली नणंद म्हणाली. "थांब, मला फिरवू दे जरा."

तिने नवीचा नॉब वीस क्लिक नेला आणि सरळ परत आणला. काटा शून्याच्या अलीकडेच थांबला. तीन क्लिक कमी.

"अगं बाई! मोडलं की काय मी?"

काटाबाईने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मोजमापाच्या खोलीतली सवय! परत येताना तिचा हात आकड्याच्या थोडा पुढे जाई आणि मागे वळून नेहमी एकाच बाजूने येऊन थांबे. स्क्रूच्या आट्यांतली ढिलाई ती शोधत होती, आणि तिचाच हात ती ढिलाई झाकत होता. तीन क्लिक म्हणजे नऊशे मीटरवर वीतभर चूक.

"आता जुनी फिरव. माझ्यासारखी नको, तुझ्यासारखी."

नणंदेने पाच वेळा फिरवली. पाचही वेळा शून्य.

"हीच द्या."

"मैदानावर लोक हसतील, ताई."

"हसू देत. तेवढाच त्यांचा नेम हलेल."

सकाळी सरावाच्या दोन गोळ्यांत तिने साइट जुळवून घेतली. शेवटची गोळी उरली तेव्हा हिशेब साधा होता: मधल्या गोलात लागली तर संघात, नाहीतर घरी. ती श्वास रोखणार तोच झेंडे उलटे फडफडले. वाऱ्याने बाजू बदलली होती. हाताशी पंधरा सेकंद. तिने नॉब आठ क्लिक थेट उलट्या बाजूला फिरवला आणि चाप ओढला.

गोळी कुठे लागली त्याची खूण करायला निशाण खड्ड्यात खाली ओढलं गेलं. वर येईना. दातांखाली धूळ करकरली तरी तिने तोंड पुसलं नाही. मागे नणंद काहीतरी पुटपुटत होती.

निशाण वर आलं. गोळीची पांढरी खूण मधल्या गोलात होती, कडेपासून जेमतेम चार बोटं आत. नवीने वीतभर चुकवली असती.

काटाबाई रायफलीला गाल लावून तशीच पडून राहिली.

"वहिनी, ऊठ आता," नणंद म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "पुढचा माणूस खोळंबलाय."