टाच बांधणारा माणूस

मागच्या वर्षी दुबईशेजारच्या अजमानमधल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात माझा उजवा घोटा मोडला. हाड जुळलं, डॉक्टर खलास, बरा झाला म्हणून मोकळे झाले, पण त्या पायावरचा माझा विश्वास काही परत येईना. दोन पायऱ्या उतरायच्या म्हटलं तरी मी कठडा घट्ट धरायची. पन्नाशीही गाठली नव्हती मी. माझा मलाच संताप यायचा.

लेक इथेच वाढलेली, अकरावीतली. शाळेसाठी ती नॉर्वेच्या एका जुन्या स्कीपटूवर प्रेझेंटेशन करत होती आणि रोज जेवताना मला ऐकवत होती. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा गरीब माणूस. त्या काळी स्की म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब फळ्या, त्या नुसत्या बोटांपाशी बांधायचे, टाच मोकळी. वळायला गेलं की पाय घसरलाच. याने झाडाच्या मुळ्यांना पीळ देऊन त्या टाचेमागून आवळल्या आणि बिनधास्त वळायला, उड्या मारायला लागला. म्हातारपणी पोरांमागे अमेरिकेत गेला, तर तिथे सगळा सपाट माळ. तरी याच्या फळ्या आपल्या दाराशी उभ्याच, म्हणे.

मला तो माणूस भलताच आवडला. लेकीला म्हटलं, मला दुबईला मॉलमधल्या बर्फाच्या उतारावर स्की करायला घेऊन चल. नवरा जबल अलीच्या ऑफिसातून फोनवर म्हणाला, "वेड लागलंय का तुला?" मी फोन ठेवून दिला.

बूट देणाऱ्या काउंटरवरच्या माणसाने हिंदीत वजन विचारलं. नेमक्या मागे आमच्या मराठी मंडळातल्या एक बाई, कान टवकारून उभ्या. मी ठोकून दिलं, चौसष्ट.

पहिल्याच वळणावर उजवी स्की निसटली आणि मी बर्फात बसले. वाटलं, संपलं, पायाने दगा दिला. डोळ्यांत पाणीच आलं. लेकीने स्की उचलून आणली, उलटसुलट पाहिली.

"आई, वेट किती सांगितलंस?"

सांगितलं.

"आई, सीरियसली?"

मग तिने समजावलं. टाचेमागची ती पकड वजन बघून लावतात. वजन कमी सांगितलं की ती सैल राहते आणि जरा झटका बसला की सुटते. म्हणजे पाय ठणठणीत होता, माझी थाप नडली होती.

परत काउंटरवर गेले. बाई तिथेच बाकावर बूट चढवत बसल्या होत्या. मी चार माणसांना ऐकू जाईल असं हिंदीतच खरं वजन सांगितलं, "अठहत्तर." त्या माणसाने लगेच पकडीचा स्क्रू पिळला. त्याला माझ्या वजनाचं काय पडलं होतं?

या वेळी वळणावर मी सगळा भार मुद्दाम उजव्या पायावर टाकला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पाय थरथरला, पण त्याने मला पेललं. मी वळले, पुन्हा वळले आणि उभीच्या उभी खाली पोचले.

लेक मागून आली. "वन मोअर?" तिने विचारलं. तोवर मी वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर चढलेही होते.