वाघुरीजवळची बाज

डॉक्टर मॅडमच्या छापून आलेल्या लेखांची यादी टाइप करणं हे माझं पहिलं काम. शिरूरच्या इंग्लिश मीडियम शाळेत शिकलेल्या मला चार माणसांत मराठी बोलायला जमत नसे. इथे फारसं बोलावं लागणार नाही, म्हणून मी नोकरी धरली. बऱ्या न होणाऱ्या माणसांच्या वेदना घरीच कशा हलक्या करायच्या, हा मॅडमचा अभ्यास. दौंड-शिरूरच्या गावांतून जीप फिरे. मॅडम विचारत, मी लिहून घेई आणि नंतर इंग्रजीत करी.

निमोण्याच्या बाहेर एका घरात आबा होते. जन्मभर मेंढरांमागे फिरलेले. आता मुलगा कंपनीत, थोडी शेती आणि हौसेपुरती वीसेक मेंढरं. पोटात कॅन्सर. साध्या गोळ्यांनी भागत नसेल तरच मॅडम मॉर्फिन देत, आणि भागतंय की नाही हे पेशंटनेच सांगायचं.

"आबा, किती दुखतंय? दहापैकी सांगा."

"दोन धरा. तुम्ही एवढ्या लांबनं आलाय म्हनून दोन. न्हाईतर एकच हाय."

आबांनी आपली बाज वाघुरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीशेजारी, हलवून घेतली होती. मॅडमना ते फार आवडलं. "बघ, त्यांना तिथेच बरं वाटतं," त्या मला म्हणाल्या.

चहाचं निमित्त करून मी चुलीपाशी जाऊन बसले. बाहेरच्या माणसांत बसण्यापेक्षा मला ते सोपं. आबांची सून माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. सासऱ्यासमोर ती तोंडातून शब्द काढत नसे, पण त्यांचं सगळं तीच करी. चहा गाळता गाळता ती हळूच म्हणाली, "मामांनी बाज तिकडं का न्हेली, ठावं हाय का? मेंढरं वरडाय लागली की त्ये कण्हत्यात. त्या गलक्यात कुनाला कळत न्हाई."

"मग मॅडमना का सांगत नाहीत?"

"पाव्हनं आलं की हसत माघारी गेलं पायजे, असं हाय त्यांचं. रानात आजारी पडलं तरी कुनाला सांगितलं न्हाई कवा." मग तिने माझा हात धरला. "माझं नाव घेऊ नका बरं. मला ऐकू येतंय हे कळलं, तर त्ये कण्हायचं बी बंद करतील."

परतीच्या वाटेवर मी मॅडमना सगळं सांगितलं. आबांपुढे सुनेचं नाव काढायचं नाही, हेही सांगितलं.

पुढच्या खेपेला त्यांनी सगळ्यांना बाजूला पाठवलं. फक्त मी वही घेऊन थांबले. "आबा, रात्री कण्हता का हो? माझ्याजवळ चांगली गोळी आहे."

आबांनी वाघुरीकडे पाहिलं. "मेंढरं कण्हत असत्याल, मॅडम. गोळी त्यास्नीच द्या की."

मॅडम हसल्या. आबाही हसले, आणि हसताना त्यांचा एक हात बाजेची दोरी घट्ट धरून होता. माझी नजर त्या हातावरून हलेना.

निघताना सुनेने मला दारामागे गाठलं. "ती गोळी चहात घालून देऊ का मी? त्यास्नी कळायचं बी न्हाई."

मी विचारून आले. मॅडम म्हणाल्या, "न सांगता देता येत नाही. त्यांचं शरीर आहे." हेच उत्तर सुनेला सांगायला मला धड मराठी शब्द सापडेनात. तिने मात्र मान हलवली, जणू तिला आधीच माहीत होतं.

आबा गेले, तेव्हा बाज तिथेच होती.

वर्षभराने लेख छापून आला आणि मी तो मॅडमच्या यादीत चढवला. आबांवर एक परिच्छेद होता. रुग्णाने दिलेला आकडा दोन, आणि शेवटच्या दिवसांत आपल्या जनावरांच्या सान्निध्यात लाभलेली शांतता. हे वाक्य टाइप करताना मी मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले होते. "दुखत होतं हे आपल्याला माहीत आहे, पण ते म्हणाले नाहीत ना," त्या म्हणाल्या होत्या. "मी त्यांच्या तोंडी कसं घालू?" मी जागेवर येऊन ते वाक्य पुरं केलं.

लेखाची एक प्रत मॅडमनी माझ्याबरोबर निमोण्याला पाठवली. सुनेने हात पुसून ती घेतली. "मामांचं कुठं हाय ह्यात? वाचा की."

मी ते मराठीत सांगितलं. मेंढरांजवळ त्यांना शांत वाटे, असंही सांगितलं.

ती वाघुरीकडे बघत राहिली. "दुखत हुतं, ते न्हाई ना लिव्हलं कुठं?"

"नाही."

"मंग जमलं म्हनायचं त्यास्नी," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.