दहा चिंचोके

किस्से आपोआप साठत नाहीत. ते सांगायला घरात कुणीतरी लागतं.

आम्ही नवरा-बायको कोल्हापुरातल्या एकाच प्राथमिक शाळेत शिक्षक. मी चौथीला, मालती तिसरीला. शाळेत ती मला 'सर' म्हणायची आणि मी तिला 'बाई'. फाटकाबाहेर पडलो की 'अहो' सुरू. संध्याकाळी ती भाकरी थापता थापता तिच्या वर्गातला किस्सा सांगायची, मी पाटावर बसून माझा सांगायचो. बारा-तेरा वर्षं असं चाललं. मालतीला जाऊन आता नऊ वर्षं होतील. वर्गात अजूनही रोज काहीतरी घडतं, पण घरी येईपर्यंत मी ते विसरलेलो असतो. जुने किस्से तेवढे जागचे हलत नाहीत.

*

सुरुवात माझ्यापासून झाली. एकदा तिच्या वर्गाला सुट्टी होती म्हणून ती माझ्या वर्गात मागे येऊन बसली. मी त्या दिवशी जोरात होतो. प्रश्न विचारला की उत्तर आलंच. मला वाटलं, बायको खूश झाली असणार.

घरी येताना विचारलं, "कसा वाटला तास?"

"छान. पहिल्या पट्टीवरच्या तिघांना तुम्ही फार छान शिकवता."

"आणि बाकीचे?"

"ते तुमचं कीर्तन ऐकायला येतात. अहो, प्रश्न विचारल्यावर विचार करायला काही वेळ लागतो की नाही? तुमचा प्रश्न संपायच्या आत तो पुढे बसणारा सदा उत्तर देतो. मग बाकीच्यांनी डोकं चालवायचं कशाला?"

दोन दिवस मी तिच्याशी मोजकंच बोललो.

*

त्या उन्हाळ्यात तिनं चिंचा फोडताना सगळे चिंचोके बाजूला ठेवले. जूनमध्ये तिसरीच्या प्रत्येक मुलाला काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात दहा चिंचोके मिळाले. नियम एकच. बाईंनी प्रश्न विचारला की दहा चिंचोके उजवीकडून डावीकडे एकेक करून सरकवायचे. दहावा सरकल्याशिवाय हात वर करायचा नाही. कुणी गडबड केली की ती म्हणायची, "घाई नाही."

आठवडाभरात पांडू उभा राहिला. "बाई, माझ्याकडं सातच राहिल्यात."

"तीन कुठं गेले?"

"भाजून खाल्ले. बरं झालं की. आता माझं उत्तर सगळ्यांच्या आधी."

मालतीनं त्याला मोजून आठ चिंचोके आणखी दिले. म्हणाली, "तुझे आता पंधरा. तुला विचार जरा जास्त लागणार."

*

तपासणीला साहेब आले. तिसरीच्या वर्गात शिरले आणि त्यांनी विचारलं, "शंभरातून सदतीस गेले, किती राहिले?"

एकही हात वर नाही. सगळी पोरं खाली मान घालून बसलेली. वर्गात नुसता टकटक आवाज.

साहेब हेडमास्तरांकडे वळले. "काय हो, वर्ग झोपलाय का?"

हेडमास्तरांना घाम फुटला. ते मालतीकडे बघतात, मालती खिडकीबाहेर बघते. आणि एकदम एकेचाळीस हात वर.

साहेबांनी एका पोराला उठवलं. उत्तर बरोबर आलं. दुसऱ्याला उठवलं, तेही बरोबर. साहेब चिडले. "माहीत होतं तर एवढा वेळ गप्प का बसला होतास?"

पोरगं म्हणालं, "मला ठावं हुतंच की. पण ह्या शेजारच्याला ठावं नव्हतं. त्याचं होईस्तवर थांबलो."

शेऱ्यात साहेबांनी एवढंच लिहिलं, वर्ग शांत आहे.

*

माझं बदलणं मात्र एका म्हशीमुळे झालं.

मी तोंडी हिशोब घातला होता. म्हशीनं सकाळी साडेचार लिटर दूध दिलं, संध्याकाळी साडेतीन. गवळ्याला विकायला किती मिळालं? गवळ्याचाच पोरगा उठला आणि म्हणाला, "सात." मी त्याच्या हातावर दोन छड्या दिल्या. गवळ्याच्या पोराला दुधाचा हिशोब येऊ नये, याचा मला जास्त राग आला होता.

घरी हसत हसत सांगितलं. मालतीचा हात परातीत थांबला.

"सात का, ते विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

"उद्या विचारा."

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं. पोरानं आधी हात मागे घेतले, मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मास्तर असूनही मला एवढं कळत नाही.

"सर, मग रेडकाला काय पाणी पाजू व्हय?"

त्यानंतर मी छडी कपाटावर ठेवली. मालतीला ते कळलं होतं, पण ती कधी त्यावर बोलली नाही. फक्त एके दिवशी माझ्या टेबलावर काडेपेटीची पन्नास खोकी येऊन पडली.

*

एका सकाळी फाटकावर एक पालक आले. रोज तालमीत जाणारे, मान कुठं संपते ते कळत नव्हतं. मी मालतीच्या मदतीला म्हणून जवळ जाऊन उभा राहिलो.

"बाई, हे काय खूळ लावलंय पोराला? आई इचारती जेवलास का, तर हे भाईर चिंचोके काढतंय."

मालतीनं विचारलं, "बरं, मग काय म्हणालं शेवटी?"

"म्हणालं, जेवलो, पण पोट भरलं न्हाय."

"नाहीतर एरवी काय म्हणतो?"

"एरवी व्हय म्हणून पळतंय की खेळायला." ते जरा थांबले. मग म्हणाले, "म्हंजी रोज उपाशीच पळत हुतं व्हय?"

*

त्याच वर्षी, म्हणजे मालतीच्या शेवटच्या वर्षी, तिच्या वर्गात मंगल आली. मूळची हुपरीची. आईबाप घरात चांदीचे पैंजण करायचे, पोरीला शिकायला कोल्हापुरात आत्याकडे ठेवलेलं. प्रत्येक प्रश्नाला ती दहा चिंचोके नीट सरकवायची, पाटीवर उत्तर लिहायची आणि पाटी पालथी घालून बसायची. हात कधी वर नाही. तोंडातून शब्द नाही. आत्या म्हणायची, "घरात बोलती की, कान किटत्यात."

दिवाळीनंतर हेडमास्तर म्हणाले, "बाई, ही पोरगी मुकी आहे. दुसरीत बसवा."

"मुकी नाही. तिचे चिंचोके अजून संपले नाहीत."

घरी मीही म्हणालो, "मालती, वर्ष वाया जाईल तिचं."

"जाऊ दे. मला एकदा तिचा आवाज ऐकायचाय."

संक्रांतीनंतर मालती अंथरुणाला खिळली. तिसरीचा वर्गही माझ्याकडे आला. रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की ती पहिल्यांदा तेच विचारायची.

"मंगल बोलली?"

"नाही."

"तुम्ही थांबलात ना?"

"थांबलो."

शेवटच्या आठवड्यात मला वाटलं, आज 'बोलली' म्हणून सांगावं. दारात चपला काढताना वाक्य जुळवूनही ठेवलं होतं. पण मालतीनं पुढं विचारलं असतं, काय बोलली? आणि ते मला रचता आलं नसतं. मी 'नाही' म्हणालो. ती म्हणाली, "घाई नाही."

*

तेरावं झाल्यावर मी शाळेत गेलो. दुपारी तिसरीच्या वर्गात गेलो. फळ्यावर तारीख लिहिली आणि पोरांकडे वळलो. गणित घ्यायचं होतं.

पांडू उठून उभा राहिला.

"सर, आता घरात तुम्ही कुणासंगं बोलता?"

मागून कुणीतरी त्याची चड्डी ओढली. "गप बस की लेका."

पांडू बसला नाही. त्यानं प्रश्न विचारला होता आणि तो उत्तराची वाट बघत होता. मी डस्टर उचलला, परत ठेवला.

तेव्हा तिसऱ्या पट्टीवरून मंगल उठली. माझ्या टेबलापाशी आली. आपलं काडेपेटीचं खोकं उघडून तिनं दहा चिंचोके टेबलावर ओतले आणि बोटानं माझ्या उजव्या हाताशी एका रांगेत लावले.

"सर," ती म्हणाली, "घाई न्हाय."

आणि जागेवर जाऊन बसली.

वर्ग शांत होता. बेचाळीस पोरं थांबली होती. मी पहिला चिंचोका सरकवला.