अंबूबाईंच्या काचपट्ट्या

अंबूबाई आकाराम खाडे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. शाळा मुलींची, शिवाजी पेठेतली. त्यांचे मालक तिथंच शिपाई होते. ते काविळीनं गेले आणि १९९१ च्या जूनमध्ये त्यांच्या जागेवर अंबूबाईंना घेतलं. शिक्षण सातवी पास. नेमणुकीच्या पत्रात त्यांचं काम एका ओळीत लिहिलं होतं : प्रयोगशाळेची स्वच्छता राखणे व शिक्षकांना साहाय्य करणे. त्यांनी दोन्ही केलं. दुसऱ्या कामाचा पत्ता खुद्द शिक्षकांनाच बरीच वर्षं नव्हता.

नववीला विज्ञान शिकवायला १९८९ पासून हंबीरराव इंगवले सर होते. सर गणिताचे पदवीधर. शाळेत जीवशास्त्राचं माणूस नव्हतं म्हणून तो विषय त्यांच्या गळ्यात पडला, आणि त्यांनी तो शड्डू ठोकून अंगावर घेतला. पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण, सगळं घडाघडा पाठ. हृदयाचे चार कप्पे ते डोळे मिटून सांगायचे. अडचण फक्त डोळे उघडून बघायच्या गोष्टीची होती, म्हणजे सूक्ष्मदर्शकाची.

तो शाळेत एकच होता. आरशावर ऊन यावं म्हणून खिडकीत ठेवायचा. सर कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर टाकायचे, वरून पातळ काच पचकन ठेवायचे आणि स्क्रू पिळायला लागायचे. एक-दोन काचा तडकल्या की एकदाचं काहीतरी दिसायचं : वाटोळं, जाड काळ्या कडेचं, मधे लख्ख.

"ही पेशी," सर म्हणायचे. "काळी कड म्हणजे पेशीभित्तिका. मधे उजळ दिसतंय ते केंद्रक. काढा आकृती."

आम्ही काढायचो. १९९५ साली मीही काढली. बांगडी ठेवून गिरवल्यामुळं माझी पेशी फार सुबक आली होती. दहापैकी नऊ मिळाले.

ती पेशी नव्हती, काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा होता. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत ही गोष्ट एकट्या अंबूबाईंना माहीत होती.

तास संपल्यावर काचपट्ट्या धुणं त्यांच्याकडं. धुण्याआधी त्या एकदा डोळा लावून बघायच्या. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी वरच्या काचेवर सुईनं जरा दाबलं, तर सरांची पेशी या कडेची त्या कडेला पळाली. कांद्याच्या अंगातली वस्तू अशी पळेल कशी? भाकरी तव्यावर आपटली की खाली वारा कोंडतो आणि एका कडेनं अलगद सोडत आणली की कोंडत नाही, हे त्यांना परकर नेसायच्या वयापासून ठाऊक होतं. त्यांनी नवा पापुद्रा काढला, त्यावर थेंबभर पाणी, थेंबभर आयोडीन, आणि काच सुईवर टेकवून तिरकी, हळूहळू सोडली. मग बघितलं. आडव्या विटा रचाव्यात तशा लांबट खोल्या, एकीला एक लागून, आणि खोलीखोलीत एक तपकिरी ठिपका. पुस्तकात होतं तसंच.

त्यांनी सरांना हाक मारली. "सर, ह्यात बगा की. पुस्तकातल्यागत दिसतंय."

"बघतो नंतर. आधी चहा आणा," सर म्हणाले.

पुढं त्या तासाच्या आधीच चांगली काचपट्टी लावून ठेवायला लागल्या. सर डोळा लावायचे. वाटोळं काही दिसायचं नाही. "बिघडलीय ही. ह्यात पेशीच न्हाईत," म्हणून ती बाजूला सारायचे आणि आपली नवी बनवायचे. बाजूला सारलेली पट्टी मधल्या सुट्टीत, मागं रेंगाळणाऱ्या एखाददुसऱ्या मुलीला अंबूबाई दाखवायच्या.

गालाच्या आतल्या पेशी बघायचा दिवस आला की वेगळीच पंचाईत. कुणीतरी तोंडात काडी फिरवून द्यायला हवी. मुली लाजायच्या, सरांना किळस. मग अंबूबाई स्वतःचा गाल आतून खरवडून द्यायच्या आणि त्यावर निळा रंग टाकायच्या. त्यामुळं आमच्या शाळेत माणसाची पेशी म्हणून जी काही बघितली गेली ती बहुतेक अंबूबाईंचीच. आकृतीखाली मात्र आम्ही नुसतं 'मानवी पेशी' असं लिहायचो.

"कांद्याच्या पेशीला भिंत असतीया," त्या सांगायच्या, "म्हणून बग कशा रांगंत बसल्यात. माणसाच्या पेशीला भिंतच न्हाई. कुठंबी लवंडत्यात."

वनस्पतीच्या आणि प्राण्याच्या पेशीतला हा फरक सर दीड तास सांगायचे. माझ्या लक्षात राहिला तो अंबूबाईंचा.

१९९८ साली क्रांती नावाच्या एका मुलीनं सुट्टीत ती काचपट्टी बघितली आणि वहीत विटा काढल्या. सरांनी शून्य दिलं आणि तांबड्या शाईत शेरा मारला : 'निरीक्षण करून काढावे. पुस्तकातून उतरवू नये.' क्रांती रडली. अंबूबाईंनी तिला तोंड धुवायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तू बगितलंस न्हवं? मग झालं तर."

पंधरा दिवसांनी शाळेची तपासणी झाली. आलेले साहेब वनस्पतिशास्त्र शिकलेले होते, ते थेट खिडकीकडं गेले. सरांना त्या गडबडीत स्वतःची पट्टी बनवायला सवड मिळाली नव्हती. लावलेली होती ती अंबूबाईंची.

"वा!" साहेब म्हणाले. "एक बुडबुडा नाही. कुणी केली ही?"

"मी," सर म्हणाले.

खोटं बोलावं असं त्यांच्या मनात नसावं. शाळेत जे काही होतं ते शिक्षकच करतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. साहेबांना वह्या बघायला वेळ झाला नाही, कारण जेवणाची पानं वाढली होती. त्या वर्षी सरांना 'प्रयोगशील शिक्षक' म्हणून शाल आणि श्रीफळ मिळालं. हार अंबूबाईंनी ओवला. क्रांतीचं शून्य शून्यच राहिलं.

मानाचं ओझं असतं. २००२ साली आजऱ्याला विज्ञान शिक्षकांचं शिबिर भरलं आणि काचपट्टी कशी बनवावी हे दाखवायला इंगवले सरांना बोलावणं आलं. सामान उचलायला म्हणून अंबूबाईंना बरोबर घेतलं. चाळीस शिक्षकांसमोर सरांनी पापुद्रा काढला, काच पचकन ठेवली आणि सगळ्यांना रांगेनं बघायला लावलं. पेठ वडगावच्या एका तरुण बाईंनी डोळा लावला आणि बिचकत विचारलं, "सर, हे नक्की काय आहे?"

"पेशी."

"पण... विटांसारख्या नाहीत ह्या."

सर तापले. "बाई, पुस्तकात आकृती असते. ही वस्तुस्थिती आहे!"

मागं पिशवी धरून उभ्या असलेल्या अंबूबाईंच्या तोंडून गेलं, "सर, त्यो वारा हाय."

चाळीस माना वळल्या. सरांचा चेहरा लाल झाला. क्षणभर सगळ्यांना वाटलं, ओरडणार. पण त्यांनी सुई उचलून अंबूबाईंच्या पुढं धरली. "दाखवा," एवढंच म्हणाले.

अंबूबाईंनी हात पदराला पुसले आणि भाकरी सोडावी तशी काच सोडली. सर सगळ्यांत शेवटी बघायला वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

परतीच्या एसटीत उत्तूर आल्यावर सरांनी अंबूबाईंकडं मान वळवली. मग म्हणाले, "कधीपासून ठाऊक हाय तुम्हाला?"

"नोकरीला लागल्याच्या दुसऱ्या वर्सापास्नं."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगटलं हुतं की. तुमी चहा आणा म्हणालासा."

त्यानंतरच्या शिबिरांना सर जायचे आणि खुर्चीत बसायचे. काम अंबूबाई करायच्या. सरांना प्रमाणपत्र 'मार्गदर्शक' म्हणून मिळायचं, अंबूबाईंना 'उपस्थित' म्हणून. सरांनी दोनदा अर्ज करून ते बदलायला सांगितलं. परिचरासाठी छापील नमुना नाही, असं उत्तर आलं.

२००८ मध्ये अंबूबाई निवृत्त झाल्या. निरोपाला मीही गेले होते. नव्या मुख्याध्यापिकांनी त्यांच्या वक्तशीरपणाचं आणि चकचकीत फरशीचं कौतुक केलं. मग दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले इंगवले सर उठले.

"मी या शाळेत तेरा वर्षं मुलींना वारा शिकवला," ते म्हणाले. "पेशी या बाईंनी शिकवली."

सभागृह खदखदून हसलं. सर किती विनोदी आहेत, असं मुख्याध्यापिका शेजारच्या पाहुण्यांना म्हणाल्या. सर हसले नाहीत. अंबूबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि पाहुण्यांना वाटलं, नोकरी सुटल्याचं वाईट वाटतंय.