सुहासच्या नावाने

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, पास्टरांना नाही. प्रार्थनेत सांगायला बसले, पण तिथेही आडवळणानेच बोलत राहिले. आज नीट सांगते.

माझा धाकटा भाऊ सुहास जन्मापासून बहिरा आहे. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसतो, समोरच्याचे ओठ वाचतो, आणि शाळेत शिकलेल्या खुणांनी मित्रांशी भराभर बोलतो. त्या खुणा मी कधी शिकले नाही. घरातल्या चार खुणांवर आमचं भागायचं. आमचं — की फक्त माझं?

आम्ही लहान असताना बायका आईला विचारायच्या, कुणाचं पाप भोवलं गं पोराला? आई मान खाली घालायची. मग एकदा बायबल वाचताना मला ती गोष्ट नव्याने दिसली. जन्मांध माणसाकडे बघून शिष्य येशूला हेच विचारतात — पाप याचं की याच्या आईबापांचं? आणि येशू सांगतो, कोणाचंच नाही. कात्रपच्या आमच्या घरात आईने मला ते दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. त्या दिवसापासून ती मान वर करून चर्चला यायला लागली. त्या वचनाने दिलेली आशा खरी होती. तिच्याबद्दल मला आजही शंका नाही.

खोटं पुढे सुरू झालं. जे बोलू शकत नाहीत त्यांच्यासाठी तू तोंड उघड, असंही एक वचन आहे. मला वाटलं, हे तर माझंच काम. मी सुहासच्या नावाने सोशल मीडियावर पेज काढलं. त्याचा फोटो, एक वचन आणि खाली चार ओळी — 'मी' म्हणून. 'देवाने मला शांततेचं दान दिलं आहे,' वगैरे. त्याला दाखवलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली. बघितलं, एवढंच. मी तो होकार धरला.

एका रविवारी त्याने एक कागद आणून दिला. 'देव ऐकू देत नाही. मला राग येतो. तरी चर्च येतो.' मग माझ्या फोनकडे बोट दाखवलं — हे टाक. मी हो म्हटलं, आणि टाकलं नाही. लोक काय म्हणतील? भाषा तरी कुठे धड आहे? माझ्या सगळ्या लिखाणाहून ती तीन वाक्यं खरी होती, हे मला वाचताक्षणीच कळलं होतं. म्हणूनच टाकली नाहीत. त्याने दोनदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं.

पुढे हेंद्रेपाड्यातून एका बाईंचा मेसेज आला. त्यांची मुलगी प्राची चौदा वर्षांची, तीही बहिरी. 'ती फार चिडते, वस्तू फेकते. आम्ही तिला तुमच्या पोस्ट दाखवतो — बघ, दादा कसा शांत आहे. ती विचारते, दादाला कधीच राग येत नाही का?'

सुहास समोरच जेवत होता. त्याला विचारायला कितीसा वेळ लागला असता? मी टाइप केलं, 'नाही. देव माझा राग काढून घेतो.'

नंतर मायलेकी अंबरनाथला, आमच्या प्रार्थनेच्या हॉलवर, सुहासला भेटायला आल्या. प्रार्थनेनंतर चहा चालू होता. प्राचीने खुणांनी थेट त्यालाच विचारलं. त्याने छातीपाशी मूठ आवळून वर नेली — रागाची खूण, ती मला कळते — आणि मग ओठ हलवत बोटांवर सोमवार, मंगळवार, बुधवार असे वार मोजले. म्हणजे रोज. प्राची बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. दोघांचे हात मग थांबेनात.

तिच्या आईने माझं मनगट धरलं. "ताई, काय म्हणतोय तो?"

"प्रार्थना कर म्हणतोय," मी म्हणाले. "राग आपोआप जातो म्हणतोय."

त्या लगेच मुलीकडे वळल्या. "बघ. दादा पण तेच सांगतो ना? आता शहाण्यासारखं वागायचं." प्राचीचे हात खाली आले. आणि सुहास — तो माझ्या ओठांकडे बघत होता.

घरी आल्यावर त्याने हात पुढे केला, माझा फोन घेतला आणि पेजचा पासवर्ड बदलला. स्वतःची तीन वाक्यं टाकली, जशीच्या तशी. खाली दाविदाचं स्तोत्र — परमेश्वरा, किती काळ मला विसरणार, असं विचारणारं. मी ते लहानपणापासून पाठ म्हणत आले. ते माझ्या भावाचं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. पहिली कमेंट प्राचीची होती. 'मला पण.'

ते पेज आता त्याचं आहे. गोड बोलणारी बरीच माणसं निघून गेली. बहिरी मुलंमुली आली; ती देवाशी भांडतात, आणि भांडता भांडता वचनं शोधून आणतात. मीही वाचते. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

माझ्याबद्दल त्याने तिथे एक अक्षर लिहिलेलं नाही. प्राचीच्या आईने त्याला विचारलं होतं, आधी तर राग येत नाही म्हणाला होतास? त्याने उत्तर दिलं नाही.

ते तो म्हणालाच नव्हता. मी म्हणाले होते. त्या आधीच्या प्रत्येक पोस्टमधला 'मी' म्हणजे मी. आणि हॉलमध्ये त्या बाईंशी खोटं बोलले तीही मीच — तो समोर उभा असताना, त्याने काय सांगितलं ते मला कळलेलं असताना.