नाडीची साक्ष

गेल्या वर्षी राजारामपुरीतल्या एका रुग्णालयात माझ्या पत्नीचे पित्ताशय काढले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे लेखी मिळाले. ती मात्र त्या वेळी जागी होती.

शुद्धीवर आल्यावर, म्हणजे त्यांच्या मते शुद्धीवर आल्यावर, तिने सर्जनला पहिला प्रश्न केला, “डॉक्टर, गडमुडशिंगीच्या प्लॉटला वाट मिळाली का?”

सर्जनचा चेहरा पडला. दुर्बीण तिच्या पोटात असताना सहायकाने त्यांना विचारले होते, “सर, प्लॉट घेतलायसा म्हणं?”

“घेतलाय की. पण जायला वाट न्हाय.”

“मग काय हेलिकॉप्टर घेणार व्हय?”

सगळे हसले होते. हसणे तिला ऐकू येत होते, कापणे जाणवत होते. बोट हलत नव्हते.

मी भूलतज्ज्ञांना पत्र लिहिले: रुग्ण झोपला आहे, हे आपण कशावरून ठरवलेत? उत्तर आले: नाडी स्थिर, रक्तदाब स्थिर, घाम नाही, अश्रू नाहीत, सबब भूल पुरेशी खोल होती. बाईंना भास झाला असावा.

भास! माझी सारी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली. मी उलट लिहिले: ती रक्तदाबासाठी नाडी मंद ठेवणारी गोळी घेते, त्या सकाळीही ती आपल्याच सांगण्यावरून घेतली. स्नायू सैल करणारे औषध देऊन तिचे हातपाय आपण बंद केलेत, पापण्यांवर चिकटपट्टी लावलीत. ज्या साक्षीदाराचे तोंड आपणच दाबून धरलेत, त्याच्या मौनाला आपण पुरावा म्हणता?

या पत्राला उत्तर नाही.

आता तिच्या गर्भाशयात गाठ निघाली आहे. थांबू नका, असे डॉक्टर बजावतात. या वेळचे भूलतज्ज्ञ दुसरे आहेत, सरळ बोलणारे. कपाळाला पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून भूल किती खोल ते यंत्रावर आकड्यात पाहू, म्हणाले. “पण काका, तो आकडासुद्धा अंदाजच. म्हणून स्नायूंचं औषध देण्याआधी काकूंचा एक हात पट्ट्यानं आवळून ठेवीन. औषध त्या हातात उतरणार नाही. काकू, मी मधूनमधून विचारीन. जाग्या असाल तर माझा हात दाबायचा.”

तेव्हापासून जेवण झाले की ती डोळे मिटून माझा हात धरते, दाबते आणि विचारते.

“कळलं?”

“कळलं.”

“आता?”

दर वेळी ती दाब कमी करत जाते. मी एकदा चिडलो, “अगं, जोरात दाब की! साक्ष काय कुजबुजत देतात?”

“तिथं अंगात जोर असतो व्हय? तुम्ही कधी गेलाय आत?”

परवा ती माझा हात धरून पडून राहिली. मग म्हणाली, “तीनदा दाबलं.”

मला एकदाही जाणवले नव्हते. मी तसे सांगितले. तिने हात काढून घेतला.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला आहे. संमतिपत्रावर ती सही करत नाही. रुग्णालयातून फोन आला, “काका, तुम्ही केलीसा तरी चालतंय की.” चालत नाही. ती सज्ञान आहे, शुद्धीत आहे. तिच्या शरीराची संमती मला देता येत नाही, हे मी त्यांना लेखी कळवले आहे. गाठ वाढते आहे.